एक जूनचे दोनशे बारा

"आता एवढंच बाकी राहिलं होतं!" प्रज्ञा सुरवाडे मोठ्याने म्हणाली, आणि ऐकायला ऑफिसात कुत्रंसुद्धा नव्हतं. मार्चचा शेवट, जळगावात पारा बेचाळिसावर, टेबलावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा उघडा, आणि समोर कॉम्प्युटरवर मुंबईहून आलेलं सात पानी पत्र. पत्र तिच्याच व्यवसायाच्या शिस्तपालन समितीचं होतं. तिच्याविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार दाखल झाली होती. एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं, आणि तुमचा परवाना रद्द का करू नये याचं कारणही त्यातच नमूद करावं, असं पत्रात अतिशय नम्रपणे लिहिलं होतं. त्या नम्रपणाने तर तिचं डोकं आणखीच फिरलं.

प्रज्ञा ॲक्च्युअरी होती. हा शब्द जळगावात उच्चारला की समोरचा विचारतो, "म्हणजे सीएच ना?" नाही म्हटलं की त्याला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. मग समजावून सांगायचं, की बाबा रे, कारखान्यात, शाळेत, पतपेढीत माणसं काम करतात. ती कधीतरी निवृत्त होणार, कोणी मधेच जाणार, त्यांना ग्रॅच्युइटी द्यावी लागणार. त्यासाठी आज किती तजवीज करून ठेवायची, हे माणसांच्या वयावरून मांडणारी मी. हे ऐकून लोक म्हणायचे, "म्हणजे कोण कधी मरणार ते तुम्ही सांगता?" यावर ती पूर्वी हसायची. अकरा वर्षांत हसणं बंद झालं होतं.

पण पोट त्यावरच होतं. परवाना मिळवायला तिने नोकरी सांभाळून बारा वर्षं परीक्षा दिल्या होत्या. अमळनेर, जामनेर, शिंदखेडा, धुळे इथल्या तेवीस संस्था तिच्याकडून वर्षाचा दाखला घ्यायच्या. परवाना गेला तर तेविसाव्या संस्थेपर्यंत बातमी पोचायला दोन दिवससुद्धा लागले नसते.

आणि तक्रार काय होती, तर अमळनेरच्या तेलगिरणीची.

रतनलालशेठची ती जुनी गिरणी. सरकीचं तेल काढायची आणि ढेप विकायची. शेठ आता घरीच असायचे, कारभार नातू पुनीत बघायचा. पुनीतला गिरणीतला काही हिस्सा एका मोठ्या कंपनीला विकायचा होता. त्या कंपनीने सगळे कागद तपासायला गुरुग्रामचा एक तरुण ॲक्च्युअरी नेमला. त्याने प्रज्ञाचा दाखला उघडला, कामगारांची यादी उघडली, आणि त्याचे डोळे पांढरे झाले. दोनशे साठ कामगारांपैकी दोनशे बारा जणांची जन्मतारीख एक जून!

त्याने तक्रारीत गणित करून दाखवलं होतं. असं योगायोगाने घडण्याची शक्यता त्याने शून्यापुढे टिंब आणि टिंबापुढे दीड ओळ शून्यं देऊन मांडली होती. त्यावरून ही यादी बनावट आहे, हे उघड असूनही सुरवाडे यांनी नऊ वर्षं "माहिती तपासली असता वाजवी आढळली" असं लिहून सही केली आहे, असा त्याचा आरोप होता.

"अरे गाढवा," प्रज्ञा स्क्रीनला म्हणाली, "एक जूनला शाळा उघडायच्या रे!"

खानदेशात ही गोष्ट शेंबड्या पोराला ठाऊक. साठ-सत्तर सालातली पोरं घरी जन्मली. कोणी नोंद केली नाही. पोरगं शाळेत आलं की गुरुजींना रजिस्टरात काहीतरी लिहिणं भाग, म्हणून ते एक जून लिहून मोकळे व्हायचे. गावंच्या गावं एक जूनला जन्मलेली. बँकेत, तहसीलमध्ये, एसटीच्या पासवर, सगळीकडे एक जून. कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आणि आता या गुरुग्रामवाल्याला ते समजावत बसायचं! तिने भाकरीचा डबा बंद केला.

वकील म्हणून हितेंद्र होता. कॉलेजपासूनचा मित्र, जळगाव कोर्टात चांगली प्रॅक्टिस. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सोप्पं आहे. तुझी चूक नाही. यादी गिरणीने दिली, तू वापरली. फक्त एक कर. त्या दोनशे बारा जणांची प्रतिज्ञापत्रं लावू. माझी जन्मतारीख एक जून हीच आहे, बस. संपला विषय."

"पण ती नाहीये ना त्यांची जन्मतारीख."

"मग कोणती आहे?"

"माहीत नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग खोटं कसं झालं?" हितेंद्र म्हणाला. वकिलाशी वाद घालणं म्हणजे नसती डोकेदुखी, म्हणून तिने तेव्हा सोडून दिलं.

घरी आल्यावर तिने हे वडिलांना सांगितलं. तिचे वडील भिकन गुरुजी, घरात त्यांना नाना म्हणत. शिंदखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्यांनी चौतीस वर्षं काढली, शेवटची दहा हेडमास्तर म्हणून. आपल्यावरचं बालंट ऐकून नाना चिडतील, हळहळतील, असं तिला वाटलं होतं. नाना खुर्चीत ताठ बसले.

"म्हणजे आमच्या लिहिण्याला ते बनावट म्हणतात?"

"तुमच्या नाही नाना. अमळनेरच्या यादीला."

"एकच ते! आम्ही नाही तर दुसऱ्या मास्तरने लिहिलं असेल. अगं, दुसरं लिहिणार काय होतो? पोराची आई सांगायची, कापूस वेचत होते तेव्हा झाला. कोणत्या वर्षीचा कापूस? ते नाही ठाऊक. बाप सांगायचा, म्हैस मेली त्याच्या पुढच्या साली. आता म्हशीची नोंद मी कुठून आणू?"

"मग वर्ष कसं ठरवायचात?"

"हात बघायचो." नानांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवला. "असा कान हाताला लागला की सहा वर्षांचा. नाही लागला की पुढच्या वर्षी ये."

"आणि उपाशी पोरांचे हात आखूड असले तर?"

"असायचेच. कितीतरी पोरं आठ-नऊ वर्षांची होऊन यायची." नाना मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आणि लागला तरी मी वर्ष-दोन वर्षं कमीच लावायचो. सगळेच लावायचे. पुढे नोकरीबिकरी लागली तर दोन वर्षं पगार जास्त खाईल बिचारा. दुसरं काय देणार होतो आम्ही त्या पोरांना?"

द्रौपदाबाई, म्हणजे प्रज्ञाची आई, आतून ओरडल्या, "जेवायला या आता, तारखा नंतर वाटा!"

प्रज्ञा जेवली, पण लक्ष ताटात नव्हतं. ही दोन वर्षांची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि दर वेळी त्यावर घरात सगळे हसत. चुका दोन्ही बाजूंना सारख्या असतील तर गणितात त्या एकमेकींना खाऊन टाकतात, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, आणि दाखले करतानाही तेच धरून चालली होती. पण इथे सगळे मास्तर एकाच बाजूला ओढत होते. सगळ्यांची वयं कागदावर कमीच. असं असेल तर तिने नऊ वर्षं माणसांना आहेत त्यापेक्षा तरुण धरलं होतं. माणूस कागदापेक्षा म्हातारा असेल तर तो आधी थकतो, आधी जातो, आणि तजवीज आधी लागते. म्हणजे तिचा आकडा कमी होता. किती कमी, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

ती स्वतःवरच इतकी वैतागली की रात्रीचं दूध तसंच ओट्यावर राहिलं आणि सकाळी नासलं. त्यावरून आईशी भांडण झालं ते वेगळंच.

पुनीतने मात्र कमाल केली. हितेंद्रने फोन केल्यापासून चार दिवसांत त्याने दोनशे अकरा प्रतिज्ञापत्रं करून घेतली. गिरणीच्या आवारात मांडव घातला, नोटरीला पंख्याखाली बसवलं आणि कामगारांना रांगेत उभं केलं. मजकूर सगळीकडे अक्षरन् अक्षर तोच. प्रज्ञा अमळनेरला पोचली तेव्हा गठ्ठा बांधून तयार होता.

"एक राहिलाय," पुनीत म्हणाला. "झुलाल हमाल. ऐकतच नाही. तुम्हीच बघा मॅडम. माझं डोकं खाल्लंय त्याने सकाळपासून. दुसऱ्यांनी सह्या केल्या, याला काय सोनं लागलंय?"

झुलाल ढेपेच्या गोदामाच्या दाराशी बसला होता. कागदावर वय सत्तावन्न. अंगाने काटक, केस पार पांढरे, खांद्यावर पोत्यांचा घट्टा. निवृत्ती साठाव्या वर्षी, म्हणजे कागदाने अजून तीन वर्षं पोती उचलायची होती.

"सही का करत नाही झुलालभाऊ?" तिने विचारलं.

"करसू ना ताई. लबाडी बी करसू. पन पह्यले मनं खरं वय कितलं शे ते सांगा." त्याने आवाज जरासुद्धा चढवला नाही. "माय गयी, बाप गया. आते कोणले इचारू?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"तुमी तेच काम करतस ना?"

आता बोला! बारा वर्षं परीक्षा देऊन मिळवलेल्या परवान्यावर त्याने बोट ठेवलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं. ती चिडून म्हणाली, "बरं, शोधून सांगते. तुमच्या पाठीवर कोणी भाऊ-बहीण? कुठे जन्मलं?"

होती. धाकटी बहीण धुरपदाबाई. तिच्या वेळी आई अडली म्हणून बैलगाडीतून धुळ्याला दवाखान्यात नेली होती. गाडीमागे आपण चालत होतो आणि मधे पाय भाजले म्हणून बापाने उचलून घेतलं, हे झुलालला आठवत नव्हतं, पण आई सांगायची.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेली. एसटी खच्चून भरलेली, खिडकीतून भट्टीसारखा वारा. जन्मनोंदीच्या खिडकीवर दिवसभर लटकावं लागणार, "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकावं लागणार, अशी तयारी करून, भांडायची चार वाक्यं पाठ करून ती गेली होती. तिथल्या बाईंनी वर्षं विचारली, आतून जुनं रजिस्टर काढलं आणि पंचवीस मिनिटांत नोंद समोर ठेवली. एवढी भांडायची तयारी वाया गेली याचाही तिला क्षणभर राग आला.

नोंद स्पष्ट होती. धुरपदाबाईचा जन्म नऊ मे एकोणीसशे सहासष्ट.

आणि तिचा थोरला भाऊ झुलाल कागदावर जन्मला होता एक जून एकोणीसशे अडुसष्टला. बहिणीच्या गाडीमागे चालत गेलेला पोरगा त्या बहिणीनंतर दोन वर्षांनी जन्मला होता! प्रज्ञा त्या खिडकीशी उभी राहून इतकी हसली की रांगेतल्या बाईने तिला पाणी देऊ केलं. मग हसू थांबलं. गाडीमागे चालणारं पोर म्हणजे दीड-दोन वर्षांचं तरी हवं. म्हणजे झुलालने साठी ओलांडली होती.

मग तिला स्वस्थ बसवेना. पुढचे तीन रविवार ती अमळनेरला गेली आणि गिरणीतल्या चाळीस जणांना तिने एकच प्रश्न विचारला. पाठीवर कोण जन्मलं, कुठे जन्मलं. ज्यांची धाकटी भावंडं दवाखान्यात जन्मली होती, त्यांच्या नोंदी काढल्या. एका वहीत सगळं उतरवलं. सरासरी निघाली अडीच वर्षं. गिरणीतली माणसं कागदापेक्षा अडीच वर्षांनी म्हातारी होती.

हितेंद्रने वही बघितली आणि कपाळावर हात मारला. "तू वेडी आहेस का? तू काय केलंयस कळतंय तुला? तक्रारदाराच्या वतीने तूच तपास केलायस! ही वही म्हणजे तुझ्या गळ्यातला फास आहे. ही घरी कपाटात ठेव, कुलूप लाव, आणि सुनावणी होईपर्यंत त्या गिरणीत कोणाशीही एक शब्द बोलायचा नाही. त्या झुलालशी तर नाहीच."

"त्याला सांगायचं कबूल केलंय मी."

"नंतर सांग. आधी परवाना वाचव, मग जगाला वयं सांगत फिर."

लेखी उत्तर त्याने लिहिलं. दोनशे अकरा प्रतिज्ञापत्रांचा उल्लेख त्यात होता, प्रती सुनावणीच्या वेळी सादर करू असं म्हटलं होतं. प्रज्ञाने सही केली. तिला ते आवडलं नव्हतं, पण महिन्याला ऑफिसचं भाडं होतं, नानांची औषधं होती, आणि मुख्य म्हणजे हे काम सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं.

सुनावणी मेच्या शेवटी झाली, व्हिडिओवरून. पारा पंचेचाळिसावर. हितेंद्र कोट घालून तिच्या शेजारी बसला होता आणि घामाने निथळत होता. स्क्रीनवर समितीचे तीन सदस्य. मधल्या बाई अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकावर. तक्रारदाराने आपली दीड ओळ शून्यं पुन्हा वाचून दाखवली. हितेंद्रने शाळेची, एक जूनची पद्धत सांगितली. सुरेख सांगितली. उजवीकडचे सदस्य तर हसले आणि म्हणाले, माझ्या आजोबांचंही असंच होतं.

प्रज्ञाला वाटलं, सुटलो.

हितेंद्र प्रतिज्ञापत्रांच्या गठ्ठ्याकडे हात नेत होता, तेवढ्यात अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. "मला एकच विचारायचं आहे. वकिलांना नाही, सुरवाडे यांना. तारखा अंदाजाने लिहिलेल्या आहेत हे मला पटलं. मग ती चूक कोणत्या बाजूची आहे? माणसं कागदापेक्षा लहान आहेत, मोठी आहेत, की दोन्हीकडे सारखी विखुरलेली?"

टेबलाखाली हितेंद्रने तिच्या पायावर बूट ठेवला. चांगला दाबून ठेवला.

दोन महिने ती चिडत होती की मुंबईच्या लोकांना काही कळत नाही. आणि या बाईने नेमकं तेच विचारलं होतं, जे नऊ वर्षांत तिने स्वतःला विचारायला हवं होतं! उत्तर सोपं होतं. सांगता येत नाही, कामगारांनी प्रतिज्ञापत्रं दिली आहेत, आम्ही कागद मानतो. तीन वाक्यं. तोंडपाठ होती तिला.

"मोठी आहेत," प्रज्ञा म्हणाली.

बूट निघाला.

"कशावरून?"

"मी चाळीस जणांच्या धाकट्या भावंडांच्या नोंदी काढल्या. सरासरी अडीच वर्षांचा फरक आहे. माझ्याकडे वही आहे."

"हे तुम्हाला तक्रारीनंतर कळलं?"

इथेही पळवाट होती. हो म्हटलं असतं तर चाललं असतं, अर्धं खरंही होतं.

"आकडा तक्रारीनंतर कळला. पण मास्तर वय कमी लावतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझे वडील मास्तर होते. सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून मी ते कधी लिहिलं नाही. तपासलं असं लिहिलं, आणि तपासलं नव्हतं."

"आणि उत्तरात म्हटलेली प्रतिज्ञापत्रं?"

"ती मी सादर करत नाही. त्यांतलं एकही खरं नाही."

मग बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि वही स्कॅन करून पाठवायला सांगितली. सुनावणी संपली. हितेंद्रने कोट काढून खुर्चीवर आपटला. "आता मला कशाला बोलावलं होतंस? शोभेला?" आणि तो जेवायलाही थांबला नाही.

निकाल जुलैत आला. गैरवर्तन सिद्ध. एका मुद्द्यावर, न तपासता तपासलं असं लिहिल्याबद्दल. बनावटगिरीचा आरोप फेटाळला होता. तिने स्वतःहून दिलेली माहिती लक्षात घेऊन परवाना रद्द केला नव्हता, पण नोंदवहीत ठपका कायमचा राहणार होता, अमळनेरचा दाखला नव्याने करून द्यायचा होता, आणि पुढची दोन वर्षं तिच्या प्रत्येक दाखल्यावर दुसऱ्या ॲक्च्युअरीची सही लागणार होती. तेविसातल्या सहा संस्थांनी निकालानंतर पंधरा दिवसांत फोन उचलणं बंद केलं. जामनेरच्या एका अध्यक्षाने तर तोंडावर सांगितलं, "ताई, तुमच्यावर केस झाली म्हणे."

नाना निकालाचं पत्र कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. "कमी लावली म्हणजे उपकार केले असं वाटायचं आम्हाला," एवढंच म्हणाले. दोष द्यायचा तर कोणाला द्यायचा, हेच प्रज्ञाला कळत नव्हतं, आणि त्याचाच जास्त वैताग येत होता.

नवा दाखला घेऊन ती अमळनेरला गेली. पुनीतने तिला बस म्हटलं नाही. नव्या आकड्यामुळे त्या कंपनीने भाव पाडून मागितला होता. "पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी बघू आम्ही," तो कागदांतून मान वर न करता म्हणाला. "राग मानू नका."

"नाही मानत," ती म्हणाली. मानला होता.

आवारात ट्रक लागला होता. ढेपेची पोती चढत होती. झुलालने तिला बघितलं, पाठीवरचं पोतं फळीवर टाकलं आणि गमछ्याने तोंड पुसत आला.

"कितलं निंघनं, ताई?"

"एकसष्ट. निदान एकसष्ट. कदाचित बासष्ट."

त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मग तो तिथेच एका पोत्यावर बसला. आता हा विचारणार, की मग मला घरी का पाठवलं नाही, असं प्रज्ञाला वाटलं. ती घाईघाईने सांगायला लागली, की झुलालभाऊ, कागद काही बदलणार नाही, कायद्याला शाळेचीच तारीख चालते, निवृत्ती त्याच तारखेने होणार, मला जे करता येण्यासारखं होतं ते...

झुलाल ऐकतच नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"दोन वरीस व्हई गयात, दम लागस. पोतं उचलाले गऊ का पाय कापतस. मुकादमले दिसाले नको म्हनीसन गोदामना मागे जाईसन बसस मी." त्याने छातीवर हात ठेवला. "सत्तावननं वय, आनि असं कसं? माले वाटे, मीच कामचोर व्हई गऊ."

प्रज्ञाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्या घट्ट्यावर, आणि लगेच काढून घेतला.

झुलाल उठून उभा राहिला आणि ट्रकच्या टोकाला असलेल्या हमालाला हाक मारून ओरडला, "ए जीवराम! मी एकसष्टना शे रे! एकसष्टना!"

जीवरामने पोतं खाली ठेवलं. त्याच्या मागच्यानेही ठेवलं. वरून ऑफिसच्या खिडकीतून पुनीत ओरडत होता, की ट्रक उभा आहे, काय तमाशा लावलाय. जीवराम तिच्यासमोर येऊन उभा राहिला, मान जरा खाली घालून, एखाद्या दाखल करायला आणलेल्या पोरासारखा.

"ताई, आनि मी?"

प्रज्ञाने पिशवीतून वही काढली.

"तुमच्या पाठीवर कोण जन्मलं, जीवरामभाऊ?" तिने विचारलं. "आणि कुठे?"